दोन भेटींच्या मधले दिवस: व्यसनमुक्तीच्या उपचारांत सोबत कशी करावी

एखादी व्यक्ती ‘मला हे सोडायचे आहे’ असे म्हणत कार्यक्रमाच्या दारात येते तो दिवस आणि डॉक्टरांची पहिली भेट ठरते तो दिवस, यांच्यात दहा-बारा दिवसांचे अंतर पडत असेल, तर त्या दिवसांत तिच्याजवळ कोण आहे यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. असेच अंतर रुग्णालयातून घरी परतणे आणि पहिला पाठपुरावा यांच्यात पडते. आणि पुन्हा एकदा नशा घेतली गेल्यावर ते कोणाला तरी सांगण्याची हिंमत होईपर्यंतही पडते. माणसे आपल्या हातून निसटतात ती बहुतेक वेळा या सांध्यांवर, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. औषधे डॉक्टर देतात, समुपदेशन समुपदेशक करतात. सामुदायिक कार्यक्रमातील कार्यकर्त्याने, रुग्णमित्राने किंवा स्वयंसेवकाने हे सांधे धरून ठेवायचे असतात. ते कसे करावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

पहिली भेट

पहिल्या भेटीत माहिती गोळा करण्याची घाई करू नये. समोरची व्यक्ती बहुधा अनेकांची बोलणी खाऊन आलेली असते, आणि आपणही तेच करणार याची तिला जवळजवळ खात्री असते. त्यामुळे नोंदणीचा फॉर्म पुढे सरकवण्यापूर्वी, ‘आज इथपर्यंत यावेसे का वाटले, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?’ एवढाच प्रश्न विचारून गप्प बसावे. गप्प बसणे हे या कामातील अवघड कौशल्य आहे; नवीन कार्यकर्ते पहिल्या पाच सेकंदांच्या शांततेलाच घाबरतात आणि सल्ला देऊन टाकतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 साली दारूची समस्या असलेल्या लोकांशी बोलण्याची एक पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह ती विकसित केली. वाद घातला की माणूस आपल्या सवयीची बाजू घेऊ लागतो, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडून बदलाची कारणे बाहेर पडली की बदलाची शक्यता वाढते, हे तिचे सूत्र आहे. व्यवहारात ते साधे दिसते. ‘ताई, मी काही रोज घेत नाही, पण मुलगी हल्ली माझ्याशी बोलत नाही,’ असे कोणी म्हणाले, तर अननुभवी कार्यकर्ता ‘रोज नाही म्हणजे किती?’ असे विचारून वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाला पकडतो. त्याऐवजी दुसऱ्या अर्ध्या भागाला धरावे: ‘मुलीचे न बोलणे तुम्हाला फार लागले आहे.’ यात प्रश्न नाही, उपदेश नाही, फक्त ऐकल्याची पावती आहे. आणि त्यानंतर जे बोलले जाते ते बहुधा खरे असते.

प्रमाणाचा अंदाज घ्यायचाच असतो, पण तो नंतर. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली 10 प्रश्नांची ‘ऑडिट’ ही चाचणी वापरता येते. तिचे गुण 0 ते 40 असतात; 8 किंवा अधिक गुण हे घातक पिण्याचे लक्षण मानले जाते आणि 20 किंवा अधिक झाल्यास अवलंबित्वाची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी लागते. हे गुण त्या व्यक्तीला सांगताना निकालपत्र वाचून दाखवल्यासारखे सांगू नयेत; ‘हे पाहून तुम्हाला काय वाटते?’ असे विचारावे.

भाषेबाबत मी आग्रही आहे. ‘दारुडा’, ‘गर्दुल्ला’, ‘बिघडलेली केस’ हे शब्द कार्यालयातल्या आपसांतल्या बोलण्यातही येऊ देऊ नयेत, कारण जे शब्द आपण पाठीमागे वापरतो त्यांचा सूर समोरासमोर बोलतानाही ऐकू येतो.

आणि निरोप घेण्यापूर्वी पुढची भेट ठरवावी. ‘वाटले तर या’ असे म्हणणे म्हणजे तो सांधा सुटाच ठेवणे होय. वार, वेळ, ठिकाण आणि भेटणाऱ्या माणसाचे नाव एका कागदावर लिहून द्यावे, आणि शक्य असेल तर डॉक्टरांच्या पहिल्या भेटीला आपण स्वतः सोबत जावे. प्रतीक्षाकक्षातील तो तासभर अनेकांना उठून निघून जावेसे वाटते. शेजारी ओळखीचे कोणी बसलेले असले की ते बसून राहतात.

सोडण्याआधी डॉक्टर

कुटुंबीय आणि कधी कधी कार्यकर्तेही उत्साहाच्या भरात ‘आजपासून एक थेंबही नको’ असे ठरवून टाकतात. दीर्घकाळ रोज भरपूर दारू पिणाऱ्या व्यक्तीने अचानक थांबणे जिवावर बेतू शकते, ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असली पाहिजे. शेवटच्या पेयानंतर साधारण 6 ते 24 तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, अस्वस्थता आणि झोप न येणे सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत सर्वाधिक असतो. आणि काहींना 2 ते 4 दिवसांनी भ्रम, तीव्र गोंधळ, ताप आणि धडधड अशी अवस्था येते, जिच्यावर रुग्णालयातच उपचार करावे लागतात. पूर्वी कधी फिट आली असेल, पूर्वीच्या वेळी भ्रम झाला असेल, वय जास्त असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर घरच्या घरी दारू सोडण्याचा विचारच करू नये. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांपैकी बेन्झोडायझेपिन गटातील गोळ्यांनाही हेच लागू आहे. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात.

म्हणून डॉक्टरांची तारीख येईपर्यंतच्या दिवसांत आपण ‘थांबा’ असे सांगायचे नसून ‘डॉक्टरांना भेटेपर्यंत अचानक बंद करू नका, वाढवूही नका’ असे सांगायचे असते. हे ऐकून कुटुंबीय दचकतात. त्यांना कारण नीट समजावून द्यावे, आणि धोक्याची चिन्हे लिहून द्यावीत: फिट येणे, नसलेल्या गोष्टी दिसणे वा ऐकू येणे, दिवस-वेळेचे भान सुटणे, वाढता ताप, सतत उलट्या. यांपैकी एकही दिसले तर पाठपुराव्याच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे. थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-1, कमी पडल्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चालताना झोक जाणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे आणि गोंधळ ही त्याची लक्षणे ‘अजून उतरली नाही’ असे समजून दुर्लक्षिली जातात.

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांचा विड्रॉवल, म्हणजे ते बंद केल्यावर होणारा त्रास, वेगळा असतो. अल्पकाळ परिणाम करणाऱ्या पदार्थांचा त्रास 8 ते 24 तासांत सुरू होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि आठवडाभरात बहुतांश ओसरतो. अंगदुखी, जुलाब, नाक वाहणे, पाय झटकणे यांनी माणूस हैराण होतो, परंतु त्या त्रासाने मृत्यू सहसा होत नाही. खरा धोका त्यानंतर येतो, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

औषधांबद्दलचा गैरसमज

‘एक नशा सोडून दुसरी नशा लावली’ हे वाक्य अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ऐकावे लागते, आणि दुर्दैवाने ते आधारगटातील जुन्या सदस्यांकडूनही ऐकावे लागते. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर या डॉक्टरांनी मेथाडोनचा उपचार सुरू केला, आणि 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्यांचा परिणाम संथ आणि स्थिर असतो. त्यामुळे दिवसातून अनेकदा चढणे-उतरणे थांबते, तलफ आटोक्यात राहते, आणि माणूस कामावर जाऊ शकतो, झोपू शकतो, हिशेब ठेवू शकतो. उपचारात टिकून राहण्याच्या काळात मृत्यूचा धोका लक्षणीयरीत्या घटतो आणि औषध अवेळी बंद केल्यावर तो पुन्हा वाढतो. म्हणून ‘गोळी कधी सुटणार?’ या प्रश्नाला आपण स्वतः तारीख देऊ नये. ते डॉक्टर आणि ती व्यक्ती ठरवतील. आपण फक्त एवढे पाहावे की लाजेपोटी कोणी औषध सोडत नाही.

दारूसाठी नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट आणि डायसल्फिरम ही औषधे वापरली जातात. यांतील डायसल्फिरमबाबत एक इशारा देणे मला अत्यावश्यक वाटते. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, ओकाऱ्या, धडधड, रक्तदाब कोसळणे असा तीव्र त्रास होतो, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही तो होऊ शकतो. काही घरांत ही गोळी न सांगता खाण्यात मिसळली जाते. असे कधीही करू देऊ नये. माणसाला माहीत नसेल तर तो नेहमीप्रमाणे पिईल आणि त्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय एकदा हे उघड झाले की त्या घरातील विश्वास परत उभा राहायला फार काळ लागतो. गोळी घेणाऱ्यालाही खोकल्याच्या काही औषधांत आणि चूळ भरण्याच्या द्रावणांत अल्कोहोल असते, हे आठवणीने सांगावे.

परतल्यानंतरचे पहिले आठवडे

रुग्णालयातून किंवा केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाकडे पाहून सर्वांना हायसे वाटते. चेहरा तरतरीत झालेला असतो, वजन वाढलेले असते, आणि घरच्यांना वाटते की संकट टळले. अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांच्या बाबतीत हाच सर्वांत धोक्याचा काळ आहे, कारण शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. महिन्यापूर्वी जेवढी मात्रा पचत होती तेवढीच आता श्वास थांबवू शकते. तुरुंगातून सुटलेल्या माणसालाही हाच धोका असतो. ही गोष्ट बाहेर पडण्याआधी, स्पष्ट शब्दांत, त्या व्यक्तीला आणि घरच्यांना सांगावी. ‘त्यामुळे मनात पुन्हा घेण्याचा विचार येईल’ ही भीती निराधार आहे. विचार येतोच, माहिती मात्र जीव वाचवते.

माणूस हलवूनही जागा होत नाही, श्वास मंद किंवा घरघरता आहे, ओठ निळसर आहेत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आहेत: ही अतिमात्रेची चिन्हे आहेत. रुग्णवाहिका बोलवावी, अफूजन्य पदार्थांचा परिणाम उतरवणारे नॅलोक्सोन हे औषध उपलब्ध असल्यास द्यावे, श्वास पुरेसा नसल्यास तोंडाने श्वास द्यावा, आणि श्वास सुरू असेल तर कुशीवर वळवून ठेवावे. दोन-तीन मिनिटांत प्रतिसाद न मिळाल्यास दुसरी मात्रा द्यावी. नॅलोक्सोनचा परिणाम साधारण 30 ते 90 मिनिटेच टिकतो, त्यामुळे डोळे उघडल्यावर ‘मी ठीक आहे’ असे म्हणणाऱ्यालाही एकटे सोडू नये. कार्यक्रमातील प्रत्येकाने याचा सराव केलेला असावा. कपाटात ठेवलेल्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे हे ऐनवेळी शोधण्याची पाळी येऊ देऊ नये.

पाठपुराव्याची पहिली भेट पहिल्या आठवड्यातच ठेवावी, आणि तिची तारीख केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी ठरलेली असावी. कोणी आले नाही तर त्याच दिवशी, त्याच संध्याकाळी फोन करावा. दुसऱ्या दिवशी केलेला फोन चौकशीसारखा वाटतो, तर त्याच दिवशी केलेला आठवण काढल्यासारखा वाटतो. संपर्क कोणाशी, कोणत्या क्रमांकावर आणि काय सांगून करायचा, याची लेखी संमती मात्र आधीच घेतलेली असावी. मालकाने किंवा शेजाऱ्याने फोन उचलला आणि आपण संस्थेचे नाव सांगून बसलो, असे होता कामा नये.

तलफेची संध्याकाळ

एक गृहस्थ मला दर मंगळवारी भेटत असत. सकाळी ते अगदी ठाम असायचे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सगळे ढासळायचे. आम्ही ‘निश्चय’ हा शब्द बाजूला ठेवला आणि सहा वाजता नेमके काय घडते तेच विचारायला लागलो. काम सुटते, पगाराचा दिवस असेल तर खिशात पैसे असतात, पोटात काही नसते, आणि बसथांब्यावर उतरले की दोन रस्ते फुटतात, ज्यांतला एक जुन्या अड्ड्यावरून जातो. मग एका कागदावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या: एक थांबा आधी उतरायचे, उतरल्या उतरल्या भावाला फोन करायचा, खिशात फक्त भाड्यापुरते पैसे, निघण्यापूर्वी काहीतरी खायचे. तो कागद घडी घालून घालून मधोमध फाटला, तेव्हा त्यांनी तो चिकटपट्टी लावून आणला होता. त्या वेळी मला कळले की योजना लहान आणि ठोस असली तरच ती खिशात राहते.

तलफ ही लाटेसारखी चढते आणि उतरते. तिला खतपाणी मिळाले नाही तर ती बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. ‘आयुष्यभर प्यायची नाही’ हे ओझे त्या क्षणी कोणालाच पेलत नाही, पण पुढची वीस मिनिटे काढता येतात. त्या वीस मिनिटांत काय करायचे हे आधी ठरलेले असावे, आणि ज्याला फोन करायचा त्याला आपले नाव त्या यादीत आहे हे ठाऊक असावे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ जास्त जोर करते, असे आधारगटांत सांगतात, आणि मला ते पुन्हा पुन्हा खरे ठरताना दिसले आहे. झोप मात्र कित्येक आठवडे, काहींची महिनोन्महिने, नीट होत नाही. हे आधी सांगितले नाही तर माणूस ‘सोडूनही बरे वाटत नाही’ म्हणून हताश होतो.

पाय घसरल्यावर

पुन्हा घेतली गेली, तर पहिल्या चोवीस तासांत आपण काय बोलतो याला मोल आहे. अ‍ॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की एकदा घसरल्यावर माणसाला जी अपराधी भावना ग्रासते, ‘आता सगळे संपलेच’ असे जे वाटते, तेच एका घोटाचे रूपांतर महिन्याभराच्या पिण्यात करते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या मांडणीनुसार उपचारानंतर पुन्हा वापराकडे वळण्याचे प्रमाण 40 ते 60 टक्के आहे, म्हणजे उच्च रक्तदाब आणि दमा यांत उपचार सुटण्याच्या प्रमाणाशी तुलना होईल इतके. रक्तदाब वाढला म्हणून आपण रुग्णाला दवाखान्यातून हाकलत नाही. औषधाची मात्रा आणि दिनक्रम तपासतो.

म्हणून असा फोन आला की प्रथम सुरक्षिततेचे विचारावे: काय घेतले, किती, आता जवळ कोण आहे, जीव द्यावासा वाटतो आहे का. हा शेवटचा प्रश्न सरळ विचारावा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या व्यक्तीला एकटे न ठेवता तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. त्यानंतर ‘सांगितलेत हे बरे केलेत’ असे म्हणावे, आणि ते मनापासून म्हणावे. कारणांची चिरफाड त्या रात्री करू नये. ती दोन दिवसांनी, शांतपणे, आधीच्या संध्याकाळपासून मागे मागे जात करावी, कारण घसरण बहुधा घेण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते: आधारगटाची बैठक चुकलेली असते, गोळी बंद केलेली असते, घरात कोणाशी बोलणे थांबलेले असते. ज्या कार्यक्रमांत घसरणीची शिक्षा म्हणून नाव कमी केले जाते, तिथे लोक घसरायचे थांबत नाहीत, सांगायचे थांबतात.

घरच्यांसोबत

पत्नी, आई, भाऊ, मुले यांना स्वतंत्र वेळ द्यावा, रुग्णाच्या भेटीच्या शेवटची पाच मिनिटे नव्हे. त्यांच्या मनात राग असतो आणि त्या रागाची लाजही असते. रॉबर्ट मेयर्स यांनी कुटुंबीयांसाठी विकसित केलेल्या प्रशिक्षणाचा गाभा व्यवहाराला धरून आहे: माणूस शुद्धीवर असताना त्याच्याशी बोला, त्याच्या चांगल्या तासांना सोबत आणि आनंद द्या; प्यालेला असताना वाद घालू नका, आणि पिण्याचे परिणाम आपल्या पदराआड झाकू नका. ‘त्यांना बरे नाही’ असा कामावर खोटा निरोप देणे किंवा उसनवारी गुपचूप फेडणे प्रेमापोटीच घडते, पण त्यामुळे बदलाची गरज त्या व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही. घरात मारहाण होत असेल तर क्रम उलटतो: तिथे सर्वांत आधी त्या स्त्रीची आणि मुलांची सुरक्षितता, उपचाराची चर्चा नंतर.

स्वतःच्या मर्यादा

फोन कोणत्या वेळेत घेतला जाईल आणि इतर वेळी कोणाला करायचा, हे पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावे. पैसे उसने देऊ नयेत, एकदाही नाही. दिलेले पैसे परत करता न आल्याने माणूस आपल्याला टाळू लागतो आणि पाठपुरावा तुटतो. स्वतः व्यसनातून बाहेर आलेले रुग्णमित्र या कामाचा कणा असतात, परंतु त्यांच्यावर रात्रंदिवस भार टाकणे हे त्यांच्या स्वतःच्या सावरण्याशी खेळणे आहे. त्यांना ठरलेले तास, नियमित मानधन आणि बोलण्यासाठी एक वरिष्ठ व्यक्ती मिळालीच पाहिजे. मृत्यूही घडतात. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून त्या माणसाबद्दल बोलावे, आणि मगच कामाला लागावे.

वहीत काही नावांपुढे महिनोन्महिने कोरी जागा राहते. तीन महिन्यांतून एकदा ती नावे काढून, दिलेल्या संमतीच्या मर्यादेत, फोन करावा. ‘तुम्ही आला नाहीत’ हे पहिले वाक्य असू नये, आणि ‘सुटली का?’ हे तर नकोच. ‘तुमची आठवण झाली म्हणून फोन केला, कसे आहात?’ असे म्हणावे, जे ऐकू येईल ते ऐकून घ्यावे, आणि फोन ठेवण्यापूर्वी बैठकीचा वार, वेळ आणि त्या दिवशी दारात कोण असेल त्याचे नाव सांगावे.